काढणीपूर्व तणनाशक फवारणी आणि धान्याची प्रत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काढणीपूर्व फवारणी म्हणजे नेमके काय आणि ती कशासाठी करतात?

पीक पिकून शेतात उभे असताना, कापणीच्या साधारण एक ते दोन आठवडे आधी, संपूर्ण पिकावर तणनाशक फवारण्याला काढणीपूर्व फवारणी म्हणतात. तिच्यामागे दोन वेगवेगळे हेतू असतात आणि त्या दोहोंची सरमिसळ झाली की चुका सुरू होतात. पहिला हेतू तणाचा असतो. जमिनीखाली मुळे आणि कांड्या पसरवून दरवर्षी नव्याने फुटणाऱ्या बहुवर्षायू तणांवर हंगामाच्या शेवटी फवारणी चांगली लागू पडते, कारण त्या काळात तण आपले अन्न मुळांकडे पाठवत असते आणि औषधही त्याच वाटेने खाली उतरते. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात गहू आणि बार्लीच्या उभ्या पिकावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारण्यास सुरुवात झाली, ती मुख्यतः काउच ग्रास या हरळीसारख्या चिवट गवताच्या बंदोबस्तासाठी. दुसरा हेतू पीक वाळवण्याचा असतो. हिरवी राहिलेली पाने, ओले खोड आणि उशिरा आलेले फुटवे कापणी यंत्रात अडकतात, मळणीत ओला पाला दाण्यांत मिसळतो आणि साठवणीत धान्य तापते. हे टाळण्यासाठी सगळे पीक एकाच वेळी सुकवण्याचा प्रयत्न केला जातो.

फवारणीमुळे दाणा लवकर पिकतो का?

नाही. या संपूर्ण विषयात सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

दाणा पिकणे ही भरण्याची क्रिया आहे. पानांत तयार झालेली साखर खोडातून ओंबीकडे जाते आणि दाण्यात तिचे स्टार्च होते. ही आवक चालू असेपर्यंत दाण्याचे कोरडे वजन वाढत राहते. एका टप्प्यावर दाण्याला अन्न पुरवणाऱ्या वाहिन्या बंद होतात आणि झाडाचे दाण्याला देणे संपते. मका आणि ज्वारीत दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसू लागतो, तो याच क्षणाची खूण आहे. गव्हात दाण्याच्या खाचेतील वाहिनी काळपट पडते आणि ओंबीखालचा दांडा हिरवेपणा सोडतो. या अवस्थेला शरीरक्रियात्मक पक्वता म्हणतात. त्यानंतर दाण्यात जे घडते ते केवळ वाळणे होय.

तणनाशक यांपैकी कोणत्याही क्रियेला वेग देत नाही. ग्लायफोसेट वनस्पतीतील एक विकर (एन्झाइम) रोखते, त्यामुळे काही आवश्यक अमिनो आम्ले तयार होणे थांबते आणि झाड हळूहळू मरते. मरणारे झाड दाणा भरत नाही. म्हणजेच फवारणीच्या वेळी दाणा ज्या अवस्थेत असेल, जवळजवळ त्याच अवस्थेत तो कायमचा अडकतो. भरलेल्या दाण्याचे यात फारसे बिघडत नाही, परंतु अर्धवट भरलेला दाणा अर्धवटच राहतो.

वाळण्याबाबतही अपेक्षा मोजकीच ठेवावी. पक्व झालेला गहू उबदार आणि कोरड्या हवेत दिवसाला साधारण दोन टक्के ओलावा आपोआप सोडतो. योग्य वेळी केलेल्या ग्लायफोसेटच्या फवारणीने दाणा याहून विशेष लवकर वाळत नाही. जे लवकर वाळते ते खोड, पाने आणि तण. कापणी सुकर होते ती त्यामुळे.

फवारणीची योग्य वेळ कशी ओळखावी?

बहुतेक लेबलांवर धान्यपिकांसाठी ग्लायफोसेटची अट एकच असते: दाण्यातील ओलावा ३० टक्क्यांपेक्षा कमी असावा. हा आकडा सर्वांना पाठ असतो, परंतु तो कुठे मोजायचा याकडे दुर्लक्ष होते. तो शेताच्या सरासरीचा आकडा नसून शेतातील सर्वांत उशिरा पिकणाऱ्या भागाचा आहे. शेताच्या कडेला उभे राहून पिवळे दिसणारे पीक पाहून घेतलेला निर्णय बहुधा आठवडाभर आधी घेतलेला असतो.

त्यासाठी शेतात आत शिरावे, खोलगट जागा, पाणी साचणारे पट्टे, दाट आणि विरळ पेरणीच्या जागा अशा अनेक ठिकाणांहून ओंब्या घ्याव्यात आणि त्यांत उशिराच्या फुटव्यांच्या ओंब्या जाणूनबुजून घ्याव्यात. त्या हाताने मळून दाण्यांचा ओलावा मोजावा. मळताना हिरवे, मऊ दाणे फेकून देऊ नयेत, कारण तपासायचे आहेत ते तेच. साध्या ओलावामापकांची अचूकता इतक्या ओल्या धान्यात कमी असते, त्यामुळे ठरावीक वजनाचे दाणे भट्टीत पूर्ण वाळवून वजनातील घट काढणे अधिक विश्वासार्ह ठरते.

मापक हाताशी नसेल तर नखाची कसोटी उपयोगी पडते. दाणा दाबल्यावर दूध किंवा चीक बाहेर आला तर वेळ झालेली नाही. दाणा पिठाळ असून दाबल्यावर चपटा होत असेल, तरीही थांबावे. अंगठ्याचे नख रोवल्यावर त्याची खूण दाण्यावर तशीच राहते आणि दाणा फुटत नाही, ही टणक होत आलेल्या दाण्याची अवस्था होय. मसुरासारख्या कडधान्यात खालच्या शेंगा तपकिरी होऊन हलवल्यावर वाजू लागतात. अर्थात तिथेही वरच्या शेंगा काय सांगतात ते पाहावेच लागते.

शेतात पीक सारखे पिकलेले नसेल तर?

तर फवारणीने ते सारखे होणार नाही, ते फक्त सारखे मेलेले दिसेल. बाहेरून एकसमान पिवळे पडलेले शेत मळणीनंतर दोन प्रकारचे दाणे देते: मुख्य ओंबीचे भरदार आणि फुटव्यांचे चिमलेले. मागे राहिलेला भाग लहान असेल तर त्याला वगळून उरलेल्या शेतावर फवारणी करावी आणि तो भाग वेगळा कापून वेगळा साठवावा. मागे राहिलेले पीक शेतभर विखुरलेले असेल तर थांबण्यावाचून दुसरा प्रामाणिक उपाय नाही.

वेळेआधी फवारणी झाल्यास धान्यात कोणते दोष दिसतात?

पहिला दोष वजनाचा. भरणे मध्येच थांबल्याने हजार दाण्यांचे वजन घटते, दाणे सुरकुततात आणि ठरावीक मापात बसणाऱ्या धान्याचे वजन, म्हणजे हेक्टोलिटर वजन, कमी भरते. गिरणीच्या दृष्टीने हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. चिमलेल्या दाण्यात कोंड्याचे प्रमाण जास्त आणि गाभ्याचे कमी असते, त्यामुळे तितक्याच धान्यातून पीठ कमी निघते आणि त्यात कोंड्याचे बारीक कण अधिक उतरतात. पिठाचा रंग मळकट दिसतो आणि पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे प्रमाण वाढते.

दुसरा दोष हिरव्या दाण्यांचा. दाणा पक्व होताना त्यातील हरितद्रव्य हळूहळू विघटित होते. हे काम जिवंत पेशी करतात. पेशी आधीच मेल्या तर रंग तसाच अडकून राहतो आणि नंतर कितीही ऊन दिले तरी पूर्ण जात नाही.

तिसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. भरणाऱ्या दाण्याकडे झाड जसे अन्न पाठवते, तसेच त्याच प्रवाहातून ग्लायफोसेटही पाठवते, कारण हे औषध झाडाच्या अन्नवाहिन्यांतून फिरणारे आहे आणि जिथे अन्नाची मागणी जास्त तिथे ते जास्त साठते. हुरडा अवस्थेतील दाणा हे त्या वेळी झाडातील सर्वांत मोठे मागणीस्थान असते. वाहिन्या बंद झाल्यावर हा मार्गही बंद होतो. म्हणूनच ४० टक्क्यांहून अधिक ओलावा असताना केलेल्या फवारणीत दाण्यातील अवशेष ठळकपणे वाढतात, आणि तेवढीच मात्रा ३० टक्क्यांखाली दिली असता ते बरेच कमी राहतात. दाण्याची भौतिक प्रत आणि त्यातील अवशेष या दोन वेगळ्या चिंता मानल्या जातात. माझ्या मते त्या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत आणि त्यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

प्रथिने आणि ग्लूटेन यांवर काय परिणाम होतो?

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. दाण्यात प्रथिनांचा बराचसा साठा आधी होतो आणि स्टार्चची भर शेवटपर्यंत चालते. त्यामुळे भरणे लवकर थांबले तर प्रथिनांची टक्केवारी प्रसंगी वाढलेली दिसते. हा वाढलेला आकडा पाहून समाधान मानणे चुकीचे आहे, कारण प्रथिने वाढलेली नसतात, स्टार्च कमी पडलेले असते.

टक्केवारीपेक्षा प्रथिनांची बांधणी महत्त्वाची असते. कणकेचा ताण ग्लूटेन या गव्हातील चिकट प्रथिनांतील ज्या मोठ्या ग्लूटेनिन रेणूंवर अवलंबून असतो, त्यांची जोडणी दाणा भरण्याच्या उत्तरार्धात आणि वाळण्याच्या काळात पूर्ण होते. ही जोडणी होण्याआधीच झाड मारले गेले तर कणीक अपेक्षेहून सैल निघू शकते किंवा मळताना लवकर ढिली पडू शकते. योग्य वेळी फवारलेल्या गव्हात मात्र असा फरक एकतर आढळत नाही किंवा वाण आणि हवामान यांमुळे पडणाऱ्या फरकापुढे तो नगण्य असतो.

फवारणीमुळे फॉलिंग नंबर सुधारतो का?

थेट नाही. पीठ आणि पाण्याचे मिश्रण उकळत्या पाण्यात ठेवलेल्या नळीत ६० सेकंद ढवळून नंतर दांडा त्यात खाली बुडायला किती वेळ लागतो हे फॉलिंग नंबरच्या चाचणीत मोजतात. ढवळण्याचा वेळ धरूनच आकडा सांगितला जातो. ओल्या हवेत उभ्या पिकातच दाण्याला मोड येऊ लागले की अल्फा-अमायलेज हे विकर स्टार्च तोडते, मिश्रण पातळ राहते आणि दांडा झटकन खाली जातो. साधारणपणे ३०० सेकंदांच्या वरचा आकडा चांगला मानला जातो.

तणनाशक हे विकर थांबवत नाही आणि एकदा फुटलेला मोड मागे घेता येत नाही. फायदा होतो तो अप्रत्यक्ष: तणामुळे आठवडाभर रखडणारी कापणी पावसाच्या आधी उरकली तर दाणा वाचतो. परंतु याची उलट बाजूही आहे. अपक्व हिरव्या दाण्यांत हे विकर मुळातच जास्त असते. घाईने फवारून हिरवे दाणे अडकवले, तर पावसाचा थेंबही न पडता फॉलिंग नंबर खाली येऊ शकतो.

ग्लायफोसेट आणि डायक्वाट यांत काय फरक आहे?

ग्लायफोसेट झाडाच्या आत फिरते आणि सावकाश काम करते. पीक सुकायला एक ते तीन आठवडे लागतात आणि थंड हवेत त्याहूनही जास्त. खऱ्या अर्थाने ते तणनाशकच आहे, पीक वाळवणे हा त्याचा दुय्यम परिणाम. डायक्वाट जिथे पडते तिथेच काम करते. प्रकाशात ते पेशींची आवरणे फोडते आणि काही दिवसांत हिरवा भाग करपतो. ते मुळांपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे बहुवर्षायू तण पुन्हा फुटते. पाण्याचे प्रमाण कमी ठेवून वरवर फवारले तर खालची पाने हिरवीच राहतात.

प्रतीच्या दृष्टीने डायक्वाट अधिक कठोर आहे, कारण ते एका झटक्यात सगळे थांबवते. ग्लायफोसेटच्या संथ गतीत थोड्या मागे राहिलेल्या दाण्याला काही दिवस मिळतात, डायक्वाटमध्ये ते मिळत नाहीत. दुसरीकडे, दाण्यात शिरून साठण्याची ग्लायफोसेटची प्रवृत्ती डायक्वाटमध्ये नाही, त्याचे अवशेष मुख्यतः बाहेरच्या भागावर राहतात आणि शेंगेत झाकलेले दाणे तुलनेने सुरक्षित असतात. सॅफ्लुफेनॅसिलसारखी काही औषधे ग्लायफोसेटसोबत मिसळून वापरली जातात, जेणेकरून तण मरावे आणि पीकही लवकर सुकावे. युरोपीय संघाने २०१८ मध्ये डायक्वाटच्या मंजुरीचे नूतनीकरण नाकारले आणि ग्लुफोसिनेट या दुसऱ्या तणनाशकाची मंजुरीही त्याच वर्षी संपली.

बियाण्यासाठी ठेवायच्या पिकावर फवारणी चालते का?

नाही. ग्लायफोसेटच्या बाबतीत तर या उत्तराला अपवाद शोधूच नयेत. वेळ अगदी अचूक साधली तरी दाण्यात शिरलेला थोडासा अंश अंकुराला बाधण्यास पुरेसा ठरू शकतो. असे बी उगवते, पण मुळे आखूड आणि जाड राहतात, रोप वाकडे किंवा खुरटे निघते, आणि साध्या उगवण चाचणीत जे बी उत्तीर्ण ठरते ते थंड, ओल्या जमिनीत तग धरत नाही. आधीच्या हंगामात वाचवलेला आठवडा पुढच्या हंगामात विरळ पिकाच्या रूपाने फेडावा लागतो. घरचे बी ठेवायचे असेल तर तेवढा तुकडा आधीच आखून फवारणीतून पूर्ण वगळावा आणि नोझलमधून उडणारे थेंब तिथे पोहोचणार नाहीत इतके अंतर सोडावे.

माल्टच्या बार्लीबाबत वेगळा नियम का असतो?

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली; माल्ट बनवणारा बार्ली दळत नाही, तिला मोड आणतो. प्रत्येक दाणा एकाच वेळी अंकुरला तरच त्यातील विकरे सारखी तयार होतात. काही दाणे मागे राहिले तर संपूर्ण घाणा बिघडतो. शिवाय ग्लायफोसेट पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे माल्टमधून ते पुढच्या द्रवातही उतरते. म्हणून माल्टचे अनेक खरेदीदार काढणीपूर्व फवारलेली बार्ली घेतच नाहीत. करार वाचल्याशिवाय टाकी भरू नये.

ओटबद्दल तक्रारी जास्त ऐकू येतात. त्यांत तथ्य आहे का?

ओटमध्ये पक्वतेचा प्रश्न मुळातच अवघड आहे. एकाच तुऱ्यात वरचे दाणे वाळलेले आणि खालचे हिरवे असतात, फुटवेही भरपूर. त्यामुळे सरासरी ओलावा ३० टक्के असताना कित्येक दाणे अजून भरत असतात. २०१५ मध्ये ग्रेन मिलर्स या ओट प्रक्रिया करणाऱ्या कंपनीने कॅनडातील पुरवठादारांना कळवले की काढणीपूर्व ग्लायफोसेट फवारलेला ओट ती घेणार नाही. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की कंपनीने दिलेले कारण प्रतीचे होते: दाण्याच्या नैसर्गिक पक्वतेत आणि स्टार्चच्या घडणीत अडथळा येतो आणि त्याचे पोहे नीट होत नाहीत. अपक्व दाणा दाबला की पसरण्याऐवजी चुरतो, हे प्रक्रिया करणाऱ्याला प्रयोगशाळेच्या आधी यंत्रावर कळते. पूर्ण पक्व ओटवर केलेल्या फवारणीत असा बिघाड क्वचितच दिसतो. तरीही ओटच्या शेतात पूर्ण पक्वता ओळखणे इतके कठीण आहे की, खरेदीदाराने सरसकट नकार देणे मला अवाजवी वाटत नाही.

कडधान्ये आणि तेलबियांमध्ये कोणती काळजी घ्यावी?

मसूर आणि वाटाणा यांचा बाजारातील दर्जा बराचसा रंगावर ठरतो. हिरव्या जातींत लवकर आणि झटपट वाळवल्याने हिरवा रंग टिकतो, त्यामुळे डायक्वाटचे आकर्षण वाटते. पण तोच हिरवेपणा हरभऱ्यात किंवा लाल मसुरात दोष ठरतो. मोहरी कुळातील कॅनोलामध्ये तो सर्वांत महाग पडतो, कारण हरितद्रव्य तेलात उतरते, तेल लवकर खवट होते आणि ते शुद्ध करण्याचा खर्च वाढतो. कॅनडाच्या प्रतवारीत पहिल्या दर्जाच्या कॅनोलात ठळक हिरव्या बियांचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

येथे एक प्रश्न नेहमी जोडून येतो: ग्लायफोसेट-सहनशील वाणांवर हे औषध फवारून पीक वाळेल का? वाळणार नाही. त्या पिकाला औषध बाधतच नाही, फक्त तण मरते. पीक वाळवायचे असेल तर तेथे वेगळे औषध किंवा वेगळी पद्धत लागते.

अवशेष दाण्याच्या कोणत्या भागात असतात? धुतल्याने किंवा शिजवल्याने ते जातात का?

गव्हात ग्लायफोसेटचे अवशेष पांढऱ्या पिठापेक्षा कोंड्यात जास्त असतात. कॅनडाच्या मर्यादांमध्येही हे स्पष्ट दिसते: गव्हासाठी किलोमागे ५ मिलिग्रॅम, तर कोंड्यासारख्या पीठ सोडून उरलेल्या घटकांसाठी १५ मिलिग्रॅम. याचा अर्थ संपूर्ण धान्याच्या पिठात हा अंश चाळलेल्या पिठापेक्षा अधिक असतो. म्हणून कोंडा टाकून द्यावा असा निष्कर्ष मात्र काढू नये, कारण कोंड्याचे पोषणमूल्य त्याहून मोठे आहे. दोष कोंड्याचा नाही, फवारणीच्या वेळेचा आहे.

धुण्याने पृष्ठभागावरचा थोडा अंश जातो, आत शिरलेला जात नाही. हे औषध उष्णतेला दाद देत नाही आणि भाजण्या-शिजवण्याच्या नेहमीच्या तापमानाला ते फारसे विघटित होत नाही. कोरड्या साठवणीतही ते दीर्घकाळ टिकते. शेतात झालेली चूक पुढे कोठारात किंवा स्वयंपाकघरात दुरुस्त करता येत नाही, म्हणून सगळा भर वेळेवर द्यावा लागतो.

वेगवेगळ्या देशांच्या मर्यादा इतक्या वेगळ्या का आहेत?

कमाल अवशेष मर्यादा ही विषबाधेची सीमारेषा नसते. लेबलप्रमाणे वापर केल्यावर धान्यात जास्तीत जास्त किती अंश उरेल यावरून ती ठरते आणि नंतर तो आकडा आरोग्याच्या दृष्टीने चालण्यासारखा आहे का हे तपासले जाते. जिथे काढणीपूर्व वापर मान्य आहे तिथे मर्यादा मोठी असते, जिथे तो नाही तिथे लहान. गव्हातील ग्लायफोसेटसाठी युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम आणि अमेरिकेची ३० मिलिग्रॅम आहे, तर जपानने २०१७ च्या अखेरीस ती ५ वरून ३० केली.

या फरकाचा चटका व्यापाराला बसतो. मसुरासाठी युरोपीय संघाची मर्यादा पूर्वी केवळ ०.१ मिलिग्रॅम होती आणि त्यामुळे कॅनडातून येणारा माल अडचणीत आला. २०१२ मध्ये ती १० मिलिग्रॅम करण्यात आली. नियम उलट दिशेनेही बदलतात. इटलीने ऑगस्ट २०१६ पासून काढणीपूर्व ग्लायफोसेटवर बंदी घातली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये ग्लायफोसेटची मंजुरी १५ डिसेंबर २०३३ पर्यंत वाढवताना कापणीची वेळ नियंत्रित करण्यासाठी किंवा मळणी सोपी करण्यासाठी पीक वाळवण्याचा वापर मंजुरीतून वगळला. म्हणून निर्यातीचा विचार असेल तर पेरणीच्या वेळीच गंतव्य देशाचा नियम पाहावा.

धान्य मर्यादेच्या आत असेल तर ते खाण्यास सुरक्षित मानावे का?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ बैठकीने ग्लायफोसेटसाठी रोजचे स्वीकार्य सेवन शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठरवले आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा ६० मिलिग्रॅम होते. किलोमागे ५ मिलिग्रॅम अवशेष असलेला गहू तिने रोज ४०० ग्रॅम खाल्ला तर पोटात २ मिलिग्रॅम जातात, आणि ३० मिलिग्रॅमच्या टोकाच्या मर्यादेवरचा गहू असल्यास १२ मिलिग्रॅम. हा हिशेब पाहता केवळ आहारातून घबराट करून घेण्याचे कारण दिसत नाही.

तरी मतभेद आहेत आणि ते लपवणे योग्य नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटची नोंद ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या २अ गटात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते कर्करोगकारक असण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले आणि मे २०१६ मध्ये वरील संयुक्त बैठकीने आहारातून होणाऱ्या संपर्काबाबत असाच निर्वाळा दिला. कर्करोग संस्था पदार्थात धोका घडवण्याची क्षमता आहे का हे पाहते, इतर संस्था प्रत्यक्ष प्रमाणात तो किती संभवतो हे मोजतात. दोन्ही प्रश्न खरे आहेत. जो अंश टाळता येण्यासारखा आहे तो टाळावा, यासाठी हा वाद मिटण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

धान्याची चाचणी करून घेताना काय सांगावे?

‘ग्लायफोसेट तपासा’ असे नाव घेऊन सांगावे. शेकडो कीटकनाशके एकत्र तपासणाऱ्या नेहमीच्या बहुअवशेष चाचणीत ग्लायफोसेट सापडत नाही, कारण ते अतिशय ध्रुवीय असून त्या चाचणीत वापरल्या जाणाऱ्या द्रावकात उतरतच नाही. डायक्वाटलाही वेगळी पद्धत लागते. त्यामुळे ‘अवशेष आढळले नाहीत’ असा अहवाल हाती असूनही धान्यात ही दोन्ही औषधे असू शकतात. अहवालात तपासलेल्या पदार्थांची यादी आणि शोधमर्यादा वाचावी. ग्लायफोसेटपासून तयार होणाऱ्या अॅम्पा या पदार्थाचीही मागणी करावी. नमुना एका पोत्यातून न घेता संपूर्ण साठ्याच्या अनेक जागांतून घेऊन एकत्र करावा, नाहीतर हिरव्या पट्ट्यातील धान्य हुकते.

पाऊस येणार आहे आणि फवारणी कालच झाली. लगेच कापणी करावी का?

लेबलवरील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पूर्ण होण्याआधी कापणी करू नये. ग्लायफोसेटसाठी तो सामान्यतः ७ ते १४ दिवसांचा असतो. या काळात औषध तणाच्या मुळांपर्यंत उतरते. आधी कापले तर तण वाचते, औषधाचा खर्च वाया जातो आणि धान्य नियमबाह्य ठरते. हवामानाचा अंदाज फवारणीनंतर नव्हे तर फवारणीआधी पाहावा. पावसाचे सावट आधीच दिसत असेल आणि तण विरळ असेल, तर फवारणी न करता किंचित ओले धान्य कापून यंत्राने वाळवणे हा प्रतीच्या दृष्टीने पुष्कळ चांगला मार्ग आहे.

फवारणीशिवाय कोणते पर्याय आहेत?

सर्वांत जुना पर्याय म्हणजे पीक कापून शेतातच ओळींत पसरून वाळवणे. गव्हात साधारण ३५ टक्के ओलाव्याला हे करता येते. मात्र ओळी पावसात भिजल्या तर मोड येण्याचा धोका उभ्या पिकापेक्षा जास्त असतो. दुसरा पर्याय पेरणीपासून सुरू होतो: बियाण्याची मात्रा थोडी वाढवली की फुटवे कमी येतात, पेरणीची खोली सारखी ठेवली की उगवण एकाच वेळी होते, आणि नत्र उशिरा व जास्त दिले नाही तर पीक शेवटी हिरवे राहत नाही. बहुवर्षायू तणांचा बंदोबस्त कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या तणावर करता येतो, तेव्हा धान्य शेतात नसते. धान्य वाळवण्याची सोय असेल तर निम्म्या वेळा काढणीपूर्व फवारणीची गरजच उरत नाही, असे माझे मत आहे.

उरलेल्या काडाचे काय करावे?

काडावर आणि पेंढ्यात अवशेष सामान्यतः दाण्यापेक्षा जास्त असतात, कारण फवारा थेट त्यांवर पडतो. जनावरांना ते देण्याआधी लेबलवरील चाऱ्याची अट स्वतंत्रपणे पाहावी, कारण ती धान्याच्या अटीपेक्षा वेगळी असू शकते. फवारणीची तारीख, औषध, मात्रा आणि त्या दिवशी मोजलेला दाण्यातील ओलावा यांची नोंद धान्याबरोबर आणि काडाबरोबरही द्यावी, म्हणजे घेणाऱ्याला स्वतःचा निर्णय घेता येतो.